सटवाईला ठाऊक नसलेले दार

माझ्या पत्नीला मूल मिळाले ते उकिरड्यावर. हे वाक्य मी शोभेसाठी लिहिलेले नाही. अकोल्यात जठारपेठेत माझ्या धाकट्या भावाचे घर आहे. त्याच्या परसात शेणाकेराचा एक ढीग असे. त्या ढिगावर एका सुपात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर, चार दिवसांचे मूल ठेवलेले होते आणि सगळे घर दाराआड उभे राहून माझी पत्नी ते कशी उचलते हे पाहत होते.

वऱ्हाड तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. भावाचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. त्या दोघांच्या मधे झालेली मुलगी ठणठणीत होती, पण ती जगली याची घरात कोणी फारशी दखल घेतली नव्हती. तिसरा मुलगा झाला तेव्हा आमच्या आईने सटवाईला फसवायचे ठरवले. सटवाई सहाव्या दिवशी येते आणि मुलाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते. ज्या घरात मुले वाचत नाहीत त्या घरचे मूल तिच्या मनातून उतरावे म्हणून ते केरात टाकायचे, दुसऱ्या बाईने ते उचलायचे आणि सख्ख्या आईने सूपभर कोंडा देऊन ते परत विकत घ्यायचे, हा रिवाज आमच्याकडे जुना आहे. बहुतेक घरी तो एका दुपारीच उरकतो. शेजारीण मूल उचलते, चहा पिते आणि कोंडा घेऊन घरी जाते. पण दोन नातू गमावल्यावर आईला ही लुटुपुटूची चोरी पुरेशी वाटेना. तिला मूल खरोखरच लपवायचे होते, आणि तेही पुरती पाच वर्षे.

लपवण्यासाठी आमचे अमरावतीचे घर का निवडले, ते तिने भावाला माझ्यासमोरच सांगितले, मी तिथे नसल्यासारखे.

"थोरलीच्या घरी सटवाई जातच नाही. एक त तिले पोट्टं नाही. जिथं कधी पायना हालला नाही, थे दार सटवाईले ठाऊक कसं राहीन? अन् दुसरं म्हनजे ती रिद्धपूरकडची. त्याईच्या घरी देवीदेवता चालत नाही, शेंदराचा गोटाही नाही. तिथं तिचं काय काम?"

माझी पत्नी महानुभाव पंथाच्या घरातली. कृष्णाखेरीज तिच्या माहेरी कोणापुढे हात जोडत नाहीत, आणि इतर देवांचा नैवेद्य ती आजही तोंडात घालत नाही. लग्न झाल्यापासून अकोल्याच्या घरात तिला दोन गोष्टी ताटातल्या मिठासारख्या न चुकता वाढल्या जात: एक, तिची कूस उजवली नाही, दुसरी, ती देवीला मानत नाही. त्या दिवशी या दोन्ही उणिवा एकाएकी कामाच्या ठरल्या. पावसात गळके घर टाळणारे लोक पोलीस मागे लागल्यावर त्याच घरात शिरतात, तसे हे झाले.

इथे माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी वकील आहे आणि माझा आवाज लहान आहे. "वकीलसाहेब, जरा मोठ्याने," हे वाक्य मी आयुष्यात आलेल्या प्रत्येक न्यायाधीशाच्या तोंडून ऐकले आहे. हळू बोलणाऱ्याला लोक दयाळू समजतात. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही, कारण तो सोयीचा होता. खरे तर मी माझ्या माणसांना मनातल्या मनात फार तुच्छ लेखत आलो. आता पन्नाशी ओलांडल्यावर कळते की दुसऱ्याला क्षुद्र मानत बसणे हाही क्षुद्रपणाच आहे. त्याचे प्रायश्चित्त घ्यावे म्हणून लिहायला बसलो, तर पहिल्याच पानावर तो पुन्हा उफाळून आला. वाचकांनी हे गृहीत धरून पुढे वाचावे.

तर परसातली ती सकाळ. उचलणाऱ्या बाईने तीन वेळा विचारायचे, हे लेकरू कोणाचे, आणि घरातल्या कोणीही उत्तर द्यायचे नाही, असा नियम. आईला आदल्या दिवशी शंका आली होती.

"तुमच्या पंथात असलं चालत नाही म्हनशीन अन् ऐन वेळेवर पाय मांगं घेशीन."

"उकिरड्यावर पडलेलं लेकरू उचलाले कोनता पंथ लागते, आत्याबाई?" पत्नी सासूला म्हणाली.

ती ढिगाजवळ गेली. मुलाच्या मानेवर एक मुंगळा चढत होता; तो तिने आधी झटकला. हे नाटक बसवणाऱ्यांपैकी कोणाला मुंगळा दिसला नव्हता. मग तिने घराकडे वळून विचारले, "हे लेकरू कोनाचं?" कोणी बोलले नाही. तिने पुन्हा विचारले, या वेळी जरा मोठ्याने. दाराआड माझी धाकटी भावजय बाजेवर उठून बसली होती आणि आईने तिच्या तोंडावर आपला पंजा दाबून धरला होता. पत्नीने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिच्या आवाजात इतकी खरी चौकशी होती की भावाने मान खाली घातली. कोंबड्यांचा आवाज तेवढा आला.

"कोनाचंच नाही? मंग माह्यं," असे म्हणून तिने सूप बाजूला सारले आणि मूल छातीशी धरले.

इतरांच्या दृष्टीने प्रयोग संपला. आईने सुस्कारा सोडला आणि चहा टाकायला सांगितला. पत्नी चहाला थांबली नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलण्यासाठी आम्ही फलाटावर बसलो असता एका बाईने आपली पिशवी सरकवून तिला जागा दिली आणि मुलाच्या तोंडावरचे फडके उचलून विचारले, "किती दिवसाचं वं?" पत्नीने सांगितले. त्या बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "चार दिवसाची बाळंतीण अशी तुरुतुरु चालते? खोटं सांगून राहिली का मले?" पत्नीने फडके पुन्हा मुलाच्या तोंडावर ओढले. "आहे कोनाचं मंग?" "माह्यं," ती म्हणाली. बाईने आपली पिशवी पुन्हा जवळ ओढून घेतली.

पहिल्या महिन्यात राजापेठेतल्या आमच्या घरी जितक्या बायका येऊन गेल्या तितक्या त्याआधीच्या साऱ्या वर्षांत आल्या नव्हत्या. मूल पाहणे हे निमित्त होते. त्यांना पाहायची होती ती दूध नसलेली आई. माणसाच्या दुःखाला काही ठिकाणी तिकीट लावत नाहीत एवढेच. त्या बसत, मुलाचे नाक कोणावर गेले याची चर्चा करत, आणि निघताना दारात चप्पल शोधता शोधता एखादे वाक्य सोडून जात.

"बाळंतपनाची कय नाही, दूध नाही, अन् माय होऊन राहिली. सोपं हाय बाप्पा."

सोपे होते का? मुलाला गाईचे दूध पचेना. मग शेळीचे आणले. ते चमच्याने दिले तर त्याला ठसका लागे, म्हणून पत्नी कापसाच्या बोळ्याने पाजू लागली. बाजारच्या कापसात सरकीची टरफले राहतात आणि ती घशात अडकतील अशी तिला धास्ती, म्हणून ती अशिलांच्या शेतातून बोंडे मागवी आणि त्यातली सरकी एकेक करून हाताने काढी. तळहाताएवढा कापूस साफ करायला तिला अर्धी सकाळ लागे. बोळा दुधात बुडवायचा, मुलाच्या ओठांशी धरायचा, तो चोखू लागला की हलकेच दाबायचा. त्याने तोंड फिरवले की तिचा चेहरा असा पडे, जणू त्याने तिच्याविषयी काही निकाल दिला आहे. एकदा ती म्हणाली, "त्याले समजत असीन, मी कापूस हाय म्हनून." मी तिची समजूत घालायला तोंड उघडले, पण माझ्याजवळ कायद्याच्या भाषेखेरीज दुसरी भाषा नव्हती.

आईच्या नियमांप्रमाणे मुलाला पहिले कपडे भिकेचे लागत. पाच घरी जाऊन जुने कापड मागायचे आणि त्याची दुपटी करायची, म्हणजे हे मूल कोणाला हेवा वाटण्याजोगे नाही असे देवीला वाटते. पत्नीला देवीशी कर्तव्य नव्हते. वकिलाच्या बायकोने दारोदार चिंध्या मागाव्यात हे मलाही रुचले नाही, आणि मी तसे बोललो. पण ती गेली. मी माडीवरून पाहत होतो. दर दारी ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणत होती, "लेकरासाठी द्या." या साऱ्या घरांत आजवर हळदीकुंकवाला तिला शेवटी बोलावत, आणि बारशाला बोलावतच नसत. मला ती भीक दिसत होती. तिला काय दिसत होते ते ती परत आली तेव्हा कळले. पाच रंगांच्या चिंध्या तिने मुलाच्या पाळण्यावर वाळत घालाव्या तशा मांडल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली; त्या तिला लेकराची माय म्हणून मिळाल्या होत्या.

मूल रांगू लागले, चालू लागले, तिला माय म्हणू लागले. अकोल्याला आम्ही वर्षातून एकदोनदा जात असू. तिथे तो आपल्या जन्मदात्रीला काकू म्हणे. मूल परक्याचे आहे असेच सटवाईला वाटत राहावे म्हणून ती त्याला शिवत नसे. तो ओसरीवर खेळत असला की ती हात पदरात गुंडाळून खांबाशी उभी राही. मला तेव्हा तिचीही किळस येई. एका दगडाच्या भीतीने पोटच्या पोराला हात न लावणारी बाई, एवढेच मला तिच्यात दिसले.

भावाविषयी मात्र माझे मत आजही बदललेले नाही. तो कापसाच्या बाजारात दलाल आहे. दिवाळीला संत्र्यांची टोपली घेऊन तो अमरावतीला येई, ओट्यावर बसून ढेकर देई आणि दुसऱ्याच्या अंगणात सोडलेल्या आपल्या गाडीकडे पाहावे तसा मुलाकडे पाही.

"वहिनी, माह्या मालाले जपजा बरं!"

"माल असता त केव्हाच बाजारात धाडला असता, भाऊजी," पत्नी म्हणे आणि संत्री आत नेऊन ठेवी.

तो हसे. त्याला प्रत्येक वाक्य विनोद वाटते. दोन मुलगे गमावूनही ज्याला पुन्हा काही गमवावे लागेल असे वाटत नाही, त्याचे हसणे असे असते.

मूल चार वर्षांचे होईपर्यंत पत्नीने त्याला एकदाही रागे भरलेले मी पाहिले नव्हते. त्याने तेल सांडले, माझी पुस्तके फाडली, शेजारच्यांच्या कोंबडीला रंग लावला. ती फक्त आवरून घेई. लोक म्हणत, किती सोशिक. मला ते सोशिकपण पाहून भीती वाटे. पाहुण्याच्या मुलाला आपण असेच वागवतो. मग एक दिवस तो भर रस्त्यात टांग्यासमोर धावला. टांगेवाल्याने घोडा आवरला. पत्नी धावत गेली, त्याला ओढून कडेला आणले आणि फाडकन त्याच्या गालात मारली. सारी राजापेठ थांबून पाहू लागली.

"पाह्यलं? लोकाचं लेकरू हाय म्हनून मारते," पानवाल्याच्या ठेल्यापाशी उभी असलेली एक बाई म्हणाली.

पत्नी वळली. "माह्यं हाय म्हनून मारलं. लोकाचं असतं त जपलं असतं."

मूल रडतच होते. घरी आल्यावर तिने त्याचा गाल शेकला आणि जेवायला वाढताना मला म्हणाली, "आता हात उठला." ती आणखी काही म्हणाली नाही. पण त्या दिवसापासून ती त्याला यथेच्छ रागे भरू लागली, आणि तोही यथेच्छ रुसू लागला, आणि घरात इतका आवाज होऊ लागला की मला दावे वाचता येईनात.

पाचवे वर्ष लागले तेव्हा मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो. पत्नी मोजत नसावी असे मला वाटे. मग शिंप्याकडे गेलो. आमच्याकडे मुलांचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवतात; दोन वर्षे पुरावेत म्हणून बाह्या दुमडून घालतात. शिंप्याने सवयीने विचारले, "वाढत्या अंगाचा ना, बाई?" पत्नी म्हणाली, "नाही. अंगाबरोबर." शिंप्याला वाटले, वकिलाकडे पैसा झाला. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

अकोल्याहून निरोप आला. आमचा जिल्हा तोवर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, आणि त्यासाठी कोणी आमच्या तोंडून काही वदवून घेतले नव्हते. मुलाच्या बाबतीत मात्र सारे विधिपूर्वक होणार होते.

मोर्णा नदीच्या काठी, वस्तीबाहेर, एका लिंबाखाली सटवाईचा शेंदूर माखलेला दगड आहे. तिथे आम्ही गेलो. आई पुढे, तिच्यामागे नव्या टोपीतला भाऊ, त्याच्यामागे सूपभर कोंडा घेतलेली भावजय, आणि मागे मुलाचा हात धरून पत्नी व मी. घरी पुरण शिजत होते. पाटी-पेन्सिल आणून ठेवली होती, नवी गादी भरून घेतली होती. आत्मसंतुष्ट माणसे तयारी फार चोख करतात. कोणी मुलाला काही सांगितले नव्हते. अंगाबरोबरच्या सदऱ्यात तो खडे वेचत चालला होता.

आईने कोंड्याचे सूप दगडापुढे ठेववले, नारळ फोडला आणि पत्नीला म्हणाली, "आता म्हन. कोंडा घेतला, लेकरू दिलं. देवीपुढं उभी राहून तीनदा म्हनाचं. तुह्या तोंडातून निंघाल्याबिगर सुटत नाही थे."

"कोन्या देवीपुढं, आत्याबाई?"

"हे काय, समोर हाय."

"मले त गोटा दिसून राहिला."

भाऊ पुढे झाला. "वहिनी, नाटक नका करू. म्हना अन् मोकये व्हा."

"नाटक तुमी केलं भाऊजी. म्या तवाही नाही केलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "म्या विचारलं, कोनाचं हाय. तीनदा विचारलं. तुमी सारे होते. कोनी बोललं नाही. मंग म्या नेलं."

"अवं, थे त देवीले फसवाले होतं!" आई ओरडली.

ती हे दगडापासून हातभर अंतरावर उभी राहून ओरडली. वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते कळले. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. पाच वर्षे सगळ्या घराने सांभाळलेले गुपित जिच्यापासून राखले, तिच्याच कानात ते म्हातारीने घातले होते.

"अन् मी म्हनलं तरी काय होईन?" पत्नी पुढे म्हणाली. "तुमीच म्हनत होत्या, मी देवीले मानत नाही म्हनून देवी माह्या दारी येत नाही. मंग माह्या तोंडचं थे काऊन ऐकीन? अन् कोंडा घेऊन मी काय करू? माह्या घरी म्हैस हाय का?"

मी कोर्टात उभा राहून आयुष्य काढले. इतका बिनतोड युक्तिवाद मला कधी सुचला नाही, आणि इतक्या हळू आवाजात मांडलेला तर मी कधी ऐकलाच नाही. त्यांनी तिला निवडले होते ती देवीला परकी म्हणून. जी देवीला परकी, तिचा सोडचिठ्ठीचा शब्द देवीच्या दरबारात कसा चालणार, हा प्रश्न पाच वर्षांत एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मला मनातून हसू फुटत होते. ते हसू चांगले नव्हते, हे मला आज कळते.

भाऊ मात्र चिडला. "गेली थे देवी खड्ड्यात. पोट्टं माह्यं हाय," असे म्हणत त्याने मुलाचे मनगट धरायला हात पुढे केला.

"शिवू नका त्याले!"

ती किंकाळी भावजयीची होती. तिने नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी मागे ओढला. "बाईनं म्हनलं नाही अजून. म्हनेपर्यंत शिवू नका. दोन गेले माह्ये. तुमच्या बापाचं काय जाते?"

वर्षानुवर्षे मी त्या बाईचा आवाज ऐकला नव्हता. भाऊ थबकला. देवीपुढे आपण मुलाला आपले म्हणालो हे त्याच्याही ध्यानात आले असावे. तो दगडाकडे न पाहता टोपी सारखी करू लागला. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता, बायकोवर नव्हता, पण त्या दगडावर होता, आणि त्या दगडानेच त्याला हरवले. एवढ्यात एका बकरीने सुपात तोंड घातले. तिला कोणी हाकलले नाही. माझ्या मुलाचे मोल बकरीने खाल्ले.

पुरण न खाता आम्ही निघालो. बडनेऱ्याच्या फलाटावर मूल पत्नीच्या मांडीवर झोपले तेव्हा मी विचारले, "हे तू आधीच ठरवून आली होतीस का?"

"तुमी वकील. तुमाले सारं ठरवलेलंच वाटते."

मला वाटले होते ती आनंदात असेल. ती नव्हती. मुलाच्या पायाची धूळ झटकत ती म्हणाली, "त्याईनं मले पाच वर्षं दार म्हनून वापरलं. दार लागलं, आता रडतीन." मग, "लहानी किती जोरात ओरडली हो."

"भित्री आहे," मी म्हणालो. "अडाणीही."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. "मी ओरडू शकली नसती तशी," ती म्हणाली. "मी युक्तीनं बोलली. थे नुसती ओरडली. स्वतःच्या हातानं त्याले परत धाडलं तिनं, वाचावा म्हनून. मी धाडलं असतं का?"

गाडी आली आणि तो विषय तिथेच राहिला.

त्यानंतर अकोल्याचे येणे-जाणे तुटले. आईने आमचे नाव टाकले. भाऊ संत्री आणीनासा झाला, हा एकच लाभ मी मनाशी धरला. काही दिवसांनी पत्नीने जे केले ते मला वेडेपणाचे वाटले. अकोल्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर तिने धाकट्या जावेला निरोप धाडला: एकटी ये.

"कशासाठी?" मी विचारले. "सुखासुखी मिळालेले..."

"सुखासुखी?" तिने विचारले.

भावजय आली. नवऱ्याला माहेरी जाते म्हणून सांगून आली होती. आमच्या ओट्यावर ती चोरासारखी उभी राहिली, हात पदरात गुंडाळलेले. मूल आत जात्यापाशी बसून शेंगा फोडत होते.

"आत ये," पत्नी म्हणाली.

"नको बाई. इथूनच पाहतो."

"आत ये म्हनतो ना." तिने तिला दंडाला धरून उंबऱ्याच्या आत घेतले आणि दार लोटले. "आत्याबाईनंच सांगतलं होतं का नाही, या घरी सटवाई येत नाही म्हनून? तिले हे दार ठाऊकच नाही. मंग इथं तुले कोन पाहते? शिव त्याले."

भावजय उभीच राहिली. मी माझ्या खोलीच्या दारात होतो. पत्नीने एका वाक्यात सारे उधळून दिले असे मला वाटत होते. जो तर्क तिने मोर्णेकाठी आपल्या बचावासाठी वापरला, तोच आता दुसऱ्या बाईच्या ओंजळीत ओतला होता. अशी उधळपट्टी करायची माझी छाती झाली नसती. कायद्यात तर असे कोणी करत नाही.

पत्नीने कोनाड्यातून तेलाची वाटी घेतली आणि तिच्या हातात दिली. "डोकं कोरडं पडलं त्याचं. लाव."

भावजय मुलामागे बसली. तिने तेलात बोटे बुडवली, पण हात वरच राहिले. एक थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मग तिने बोटे त्याच्या केसांत घातली. तिने त्याला जवळ ओढले नाही, की ती रडली नाही. भांग कुठे वळतो, कानामागे काय आहे, मानेवर कोणती खूण आहे, हे ती आंधळ्या माणसासारखी बोटांनी पाहत राहिली.

"काकू, नखं लागतात तुमची," मूल म्हणाले आणि शेंगा फोडत राहिले.

ती हसली. हसताना तिने माझ्या पत्नीकडे पाहिले. पत्नी समोर कापूस घेऊन बसली होती. वाती वळायच्या होत्या, पण तिचा हात थांबला होता. "माह्या हातालेही तसंच म्हनते," ती म्हणाली. "तिकडे ध्यान नाही द्याचं."

माझ्या आईसाठी, भावासाठी, राजापेठेतल्या बायकांसाठी माझ्याजवळ भरपूर तिरस्कार होता, आजही आहे. त्या दोघींसाठी मी तो शोधून पाहिला. सवयीने हात घातला म्हणा ना. काही हाती आले नाही. आंधळ्या समजुतीवर हसणारा मी शहाणा माणूस, पण त्याच समजुतीत दुसऱ्यासाठी दार करता येते हे मला दिसले नव्हते.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. भावजय उठली. उंबऱ्याच्या आत तिने मुलाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, मग उंबरा ओलांडला आणि हात पुन्हा पदरात घेतले. बाहेरून तिने त्याच्याकडे परक्यासारखे पाहिले. नियम तिने सोडला नव्हता. तिला एक घर मिळाले होते एवढेच.

"संक्रांतीले ये," पत्नी तिला म्हणाली. मग मुलाच्या तेलकट हातातल्या शेंगा काढून घेत ती त्याला म्हणाली, "चाल, शिंप्याकडे जाचं हाय. सदरा पाहा किती आखूड झाला. आता वाढत्या अंगाचा शिवू."